होयबांचा नन्नाचा पाढा

इस्पितळातल्या लिफ्टवाल्याला आईबापांनी चांगलं भारदस्त नाव ठेवलं होतं, पण ते पगारपत्रकात निवांत पडून असे. बाकी जगासाठी ते होयबा. का, ते कळायला त्यांच्या लिफ्टमध्ये एकदा पाय ठेवला की पुरे. एकानं म्हणावं, "दादा, आधी वर घ्या, पेशंट वाट बघतोय." होयबा म्हणत, "हो." दुसऱ्यानं म्हणावं, "छे, आधी खाली, माझी गाडी सुटेल." होयबा त्यालाही म्हणत, "हो." मग लिफ्ट आहे तिथेच. आतली माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात आणि होयबा मधे स्टुलावर बसून दोन्हीकडे मान डोलावत. साहेबांनी कितीदा झापलं, "अहो, कुणाला तरी नाही म्हणायला शिका." त्यावर ते काय म्हणत, हे तुम्हाला सांगायला हवं का?

घरी बायको होती. तिला नाही म्हणायला शिकवायची गरज नव्हती, ते ती जन्मतःच शिकून आली होती. आज उकडतंय असं कुणी म्हटलं तर "कुठे उकडतंय?" म्हणून ती शाल पांघरून बसेल. सूर्य उगवला म्हटलं तर "कशावरून?" असं विचारेल. पण भांडणाला दोन माणसं लागतात आणि त्या घरात एकच होतं. बिचारीनं उभा संसार भिंतीशी वाद घालण्यात काढला. ती म्हणायची, "अहो, एकदा तरी उलट बोला हो. तोंडाला चव येईल." होयबा म्हणायचे, "हो."

त्यांना एकुलती एक लेक. ती दूरदेशी, जावई परभाषी, आणि सात वर्षांची नात फक्त इंग्रजी बोलणारी. म्हणजे इंग्रजीतही ती बोलायची असं होयबांना फक्त ऐकून माहीत होतं. फोनच्या पडद्यावर आजी-आजोबा दिसले की ती पोर पडद्याआड, म्हणजे खऱ्या, खिडकीच्या पडद्याआड जाऊन उभी राही. पडद्याखाली दोन पाय दिसत. होयबा त्या पायांकडे बघून हात हलवत.

"बाबा, ती नव्या माणसांशी बोलत नाही," लेक म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका."

"हो," होयबा म्हणाले, आणि त्यांनी ते चांगलंच मनाला लावून घेतलं. नवा माणूस? सख्खा आजोबा नवा माणूस? पुढच्या सुट्टीत ती तिघं महिनाभर राहायला येणार होती. तोवर आपल्याला इंग्रजी आलंच पाहिजे, नातीनं आपल्याशी चार शब्द बोललेच पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात स्वतःहून ठरवलेली ही त्यांची पहिलीच गोष्ट असावी. बायको म्हणाली, "या वयात? पालथ्या घड्यावर पाणी." होयबा हो म्हणाले आणि क्लासला नाव घालून आले.

क्लास भरायचा लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. ती जागा सकाळी ड्रायव्हिंग स्कूलची. फरशीवर पांढरे पट्टे मारलेले होते आणि सकाळी त्या पट्ट्यांवरून मोठमोठी माणसं हातात नुसतं स्टिअरिंग धरून, तोंडानं हॉर्न वाजवत चालायची. त्यामुळे संध्याकाळी क्लास सुटला की सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावून ठेवाव्या लागत. या खुर्च्या लोखंडी, जुन्या आणि खुनशी. घडी करताना बोट चावल्याशिवाय एकही बंद होत नसे. त्या खुर्च्या विसरू नका. पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

शिकवायला एक बाई होत्या. सुरुवातीला त्यांनी रीतसर शिकवून पाहिलं. स्वतःची ओळख करून द्या, कुटुंबाबद्दल बोला, तुमचा आवडता रंग सांगा. माणसं उठत, नाव सांगत, बसत. पुढे सगळे मूग गिळून गप्प. कोपऱ्यावरचा न्हावी, जो दुकानात गिऱ्हाइकाला श्वास घ्यायला जागा ठेवत नसे, तो इथे छताकडे बघत बसे. खालच्या लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकू आवडता रंग विचारल्यावर रडायलाच लागल्या, कारण तसं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी हात टेकले. मग एके दिवशी त्या एक पातळ पुस्तक घेऊन आल्या. शाळेतल्या मुलांसाठी काढलेलं वादविवादाच्या विषयांचं पुस्तक होतं ते. बाई म्हणाल्या, "आजपासून आपण भांडायचं."

नियम सोपे होते. खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर. खिडकीकडची रांग विषयाच्या बाजूनं, दाराकडची विरोधात. बसलात ती तुमची बाजू, मनाला पटो न पटो. प्रत्येकानं तीन मुद्दे मांडायचे. दोनच मांडले तर ती बाजू हरली. आणि शेवटचा नियम असा की जिंकणाऱ्यांनी आधी घरी जायचं, हरणाऱ्यांनी मागे राहून खुर्च्या घडी करायच्या.

आता बोला. माणसाला ज्ञानाची ओढ असते वगैरे सगळं ठीक आहे, पण बोटं वाचवायची ओढ त्याहून मोठी. पहिलाच विषय निघाला, शाळेत गृहपाठ बंद करावा. वर्गातल्या कुणालाही गृहपाठ मिळून तीस-चाळीस वर्षं झाली होती. तरी इस्त्रीवाल्या काकू गृहपाठाच्या बचावाला अशा उभ्या राहिल्या की जणू त्यांच्या माहेरावरच कुणी चाल करून आलंय. न्हावी गृहपाठाच्या नावानं बोटं मोडत होता. वाक्यं मोडकी होती, क्रियापदं हरवली होती, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलवाला खालून धावत वर आला. त्याला वाटलं मारामारी झाली.

होयबांची ड्यूटी दुसरा लिफ्टवाला आल्याशिवाय सुटत नसे, त्यामुळे ते नेहमी उशिरा पोचत आणि त्यांच्या वाट्याला दाराजवळची डुगडुगणारी खुर्ची येई. म्हणजे विरोधाची रांग. पहिल्यांदा ते बोलायला उठले तेव्हा सवयीप्रमाणे मान उभी हलायला लागली. बाई म्हणाल्या, "तुम्ही विरोधात आहात. मान आडवी हलवा." होयबांनी प्रयत्न केला. मानेत कट्ट असं काहीतरी वाजलं. मग त्यांच्या तोंडून आयुष्यातला पहिला नकार बाहेर पडला, आणि तोही इंग्रजीत.

"आय अपोज," होयबा म्हणाले.

म्हणाले आणि स्वतःच चकित झाले. तोंडाला खरंच चव आली हो. ते पुन्हा म्हणाले, "आय अपोज." मग फर्स्ट म्हणून एक मुद्दा, सेकंड म्हणून दुसरा, थर्ड म्हणून तिसरा. बाकीचं सगळं इंग्रजीत होतं, आपण आपलं मराठीत घेऊ. पण एवढं खरं की त्या दिवशी दाराकडची रांग जिंकली आणि होयबा शिट्टी वाजवत घरी गेले.

तिथून माणूस सुटलाच. शनिवारची शाळा असावी, पोज. मुलांनी भाज्या खाव्यात, पोज. जगात शांतता नांदावी, त्यालाही पोज, आणि तीन मुद्द्यांनिशी. घाईत त्यांचा 'अ' गळून पडे, पण अर्थ पोचायचा. इस्पितळात मान उभी, क्लासात आडवी. घरी आरशासमोर उभं राहून त्यांचा हा नन्नाचा पाढा चाले, तेव्हा बायको दारात येऊन कंबरेवर हात ठेवी. "इतकी वर्षं मी घसा फोडतेय, तेव्हा तोंडात गुळणी धरलीत. आणि आता भांडताय ते मला न कळणाऱ्या भाषेत? वा रे न्याय." बाईमाणसाचं चुकलं असं म्हणता येईल का? मला तरी येत नाही.

बाकीच्यांचीही तीच गत. न्हावी कायम खिडकीत बसायचा, कारण तिथे वारा येई. एकदा विषय निघाला, पुरुषांनी केस लांब ठेवावेत. बाजूनं बोलणं भाग होतं. तो इतकं कळकळीनं बोलला की क्लासातल्या सगळ्या पुरुषांनी केस कापणं सोडलं. ते सगळे त्याचीच गिऱ्हाइकं. न्हावी जिंकला, आधी घरी गेला आणि महिनाभर रिकाम्या खुर्चीला वारा घालत बसला.

होयबांचं त्याहून अवघड झालं. विषय होता, प्रत्येक इमारतीला लिफ्ट हवी. विरोधात होयबा. ज्या लिफ्टनं त्यांना भाकरी दिली तिचं त्यांनी त्या संध्याकाळी पार खोबरं केलं. फर्स्ट, पाय देवानं कशाला दिले? सेकंड, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाच्या मानेकडे बघत उभं राहावं लागतं. थर्ड, जिना कधी बंद पडत नाही. टाळ्या. दुसऱ्या दिवशी इस्पितळात एक परदेशी डॉक्टर पाहुणे आले. लिफ्टमध्ये शिरले आणि इंग्रजीत म्हणाले की तिसरा मजला, प्लीज.

"आय अपोज," होयबा म्हणाले. फर्स्ट, सेकंड, थर्ड सगळं झालं. डॉक्टर विचारात पडले. मग बाहेर आले आणि जिन्यानं गेले. त्यानंतर ते जितके दिवस होते तितके दिवस जिन्यानंच गेले, आणि खाली उतरले की होयबांना वाकून नमस्कार करायचे.

पण होयबांची झोप उडाली. त्यांच्या ध्यानात आलं की त्यांना इंग्रजी येतं, पण ते फक्त नकाराचं. मराठीत नाही निघत नव्हतं आणि इंग्रजीत हो निघत नव्हतं. उद्या पोर येईल, काहीतरी गोड बोलेल, आणि आपण? पडद्याआडचे ते दोन पाय त्यांना दिसायला लागले. ते बाईंकडे गेले, म्हणाले, मला खिडकीकडे बसवा. बाई म्हणाल्या, "बसलात ती तुमची बाजू. नियम म्हणजे नियम." ते न्हाव्याकडे गेले.

"जागा बदलता का माझ्याशी? थोडे दिवस. नात यायचीय."

"होयबा, जीव मागा, देतो," न्हावी म्हणाला. "वारा मागू नका."

"हो," होयबा म्हणाले आणि परत येऊन डुगडुगत बसले.

शेवटी तो दिवस उजाडला. विमानतळावर लेक आली, गळ्यात पडली. जावयानं हात मिळवला. त्यांच्या मागे, बॅगेच्या आड, नात. होयबांनी घसा खाकरला. पोरीनं बॅगेवरून डोळे तेवढे वर काढले आणि आईच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, इंग्रजीत म्हणाली की मी दमलेय.

"आय अपोज," होयबांच्या तोंडून निघून गेलं.

लेकीनं कपाळावर हात मारला. होयबांची तर पाचावर धारण बसली, पण गाडी सुटली होती, थांबवणार कशी? फर्स्ट, तू विमानात झोपलीस, तुझ्या गालावर उशीची घडी उमटलीय. सेकंड, दमलेली माणसं टाचा उंचावून बघत नाहीत. थर्ड, तुझ्या बुटातले दिवे अजून चमकतायत.

पोर बॅगेमागून बाहेर आली. तिनं आजोबांना वरून खाली पाहिलं. मग म्हणाली, बुटातले दिवे बॅटरीवर चालतात, ते माझ्या दमण्यावर चालत नाहीत, त्यामुळे तुमचा तिसरा मुद्दा चूक आहे.

जावई जागच्या जागी थिजला. ही मुलगी शेजाऱ्यांशी दोन वर्षांत बोलली नव्हती. शाळेत बाईंना मानेनंच उत्तर द्यायची. "बाबा, तुम्ही तिला काय केलंत?" लेक म्हणाली. होयबांना काहीच कळत नव्हतं. त्यांनी हो म्हटलं.

गाडीत दोघं शेजारी बसले आणि घरापर्यंत वाद घालत आले, मासे झोपतात की नाही यावर. घरी पोचल्यावर जेवणाच्या टेबलापाशी, अंड्यातला पिवळा भाग चांगला की पांढरा यावर. नात पांढऱ्याच्या बाजूची. होयबांना पांढरा भागच आवडायचा, पण पोरीनं आधी पांढरा घेतला, मग काय करतात? पिवळ्याची बाजू लढवली आणि महिनाभर तेच खाल्लं. बायको बघत होती. एक अक्षर कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या तोंडून एवढे शब्द तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. ती लेकीला म्हणाली, "चांगला माणूस होता गं. एकाएकी शहाणा झाला."

तिकडे त्या पोरीच्या घरी सगळं कसं प्रेमळ होतं. हे हवं? हो. ते हवं? हो, बाळा. आईबाप दोघंही कामात बुडालेले, हो म्हणत आणि हातातल्या फोनकडे बघत. तिच्याशी वाद घालायचा तर आधी तिचं ऐकावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ होता कुणाकडे? होयबांकडे वेळच वेळ होता. त्यांनी रजा टाकली होती. सकाळपासून आजोबा आणि नात बाकावर, जिन्यात, बाजारात, न थकता एकमेकांना खोडून काढत. रस्त्यातले लोक थांबून विचारत, काय झालं, पोरीनं काही केलं का? होयबा म्हणत, "हो." आणि परत इंग्रजीत.

एका संध्याकाळी ते तिला क्लासला घेऊन गेले. त्या दिवशी होयबा वेळेवर पोचले होते, खिडकीची जागा मोकळी होती, पण ती नातीला दिली आणि आपण सवयीनं दाराशी जाऊन बसले. विषय निघाला, मुलांनी रात्री लवकर झोपावं. बाजूनं नात. तिला लवकर झोपणं म्हणजे शत्रू. पण बसलात ती तुमची बाजू. तिनं खाली बघत मिनिटभर विचार केला आणि मग लवकर झोपण्याच्या बाजूनं असे तीन मुद्दे मांडले की न्हाव्याला तिथेच जांभई आली. खिडकीची रांग जिंकली.

"जिंकलेल्यांनी घरी जायचं," बाई म्हणाल्या.

नात होयबांकडे धावली. आजोबा, चला. होयबा म्हणाले, मी हरलोय, मला खुर्च्या घडी करायच्यात. मी थांबते, ती म्हणाली. बाईंनी मान आडवी हलवली. जिंकणाऱ्यानं थांबायचं नाही, हरणाऱ्यानं निघायचं नाही. मला मग जिंकायचं नव्हतं, पोर म्हणाली. पण आता उशीर झाला होता. आजी खाली जिन्याशी उभी होती, तिच्या बोटाला धरून ती निघाली, मागे वळून वळून बघत. आणि त्या रात्रीपासून रोज दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं आपणहून झोपायला जायला लागली. आपणच जिंकलो होतो ना, मग काय करणार? नियम म्हणजे नियम. हे रक्तातच असावं, मला वाटतं.

महिना कापरासारखा उडून गेला. निघायच्या सकाळी होयबा अंघोळ करून बाहेर येतात तो काय, पुढच्या खोलीतल्या घडीच्या खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या. क्लासातल्यासारख्याच लोखंडी, होयबांनी जुन्या बाजारातून आणलेल्या. खिडकीकडच्या खुर्चीत नात, बूट न घालता. दारात बॅगा. खाली टॅक्सी.

"चला, पिल्लू, उशीर होतोय," लेक म्हणाली.

नात म्हणाली, आज एक विषय आहे. मी आजोबांकडेच राहावं. मी बाजूनं. आजोबा विरोधात. मी हरले तर बूट घालीन.

जावई घड्याळ दाखवायला गेला. पोरीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. लेकीनं समजावलं, चॉकलेट देऊ केलं, दरडावलं. पोरीनं खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. खालून हॉर्न वाजला. शेवटी लेक होयबांकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, आता तुम्हीच. तिच्याशी तुम्हीच बोलू शकता. लवकर."

"हो," होयबा म्हणाले, आणि दाराकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

नात उभी राहिली. फर्स्ट, ती म्हणाली, तिकडे आजोबा नाहीत. सेकंड, तिकडे मला सगळे हो म्हणतात, पण मी काय म्हणाले ते कुणालाच ठाऊक नसतं. हे ऐकून लेक आणि जावई दोघांनीही हातातले फोन खिशात टाकले. थर्ड, मी गेले तर आजोबा इंग्रजी विसरतील.

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. हात कोरडे होऊन बराच वेळ झाला होता, तरी ती पुसत होती.

होयबा उठले. त्यांचं काळीज तिकडे होतं, खिडकीकडच्या रांगेत, पोरीच्या शेजारच्या खुर्चीत. त्यांना तिला ठेवून घ्यायचं होतं. आयुष्यात एवढं काहीच त्यांना हवंसं वाटलं नव्हतं. पण बसलात ती तुमची बाजू.

"आय अपोज," ते म्हणाले. फर्स्ट, तिकडे तुझी शाळा आहे, आणि त्या बाईंना तू अजून एकदाही खोडून काढलेलं नाहीस, त्या वाट बघत असतील. सेकंड, तुझी आई माझी लेक आहे. तिचं घर भरलेलं असावं म्हणून मी तिच्याविना राहायची सवय लावून घेतली, आणि आता ती तुझ्याविना राहिली तर ती सवय फुकट जाईल. ती सवय फार महाग पडलीय मला.

लेकीनं तोंड फिरवलं.

"थर्ड," होयबा म्हणाले.

थर्ड म्हणाले आणि थांबले. आजवर तिसऱ्या मुद्द्याला त्यांनी कधी हार खाल्ली नव्हती. जागतिक शांततेविरुद्ध त्यांच्याकडे तिसरा मुद्दा होता. हॉर्न पुन्हा वाजला. नात डोळे मोठे करून बघत होती. तिला तिसरा मुद्दा यायला हवा होता की नको होता, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. होयबांनी छताकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, पोरीच्या उघड्या पायांकडे बघितलं.

"हो गं बाळा," ते मराठीत म्हणाले. "राहा."

पोरीला मराठी येत नव्हतं. पण महिनाभर दिवसाला पन्नासदा ऐकलेला तो पहिला शब्द तिला कळला.

"हो?" ती म्हणाली.

"हो."

जावयानं सोफ्यावर बसकण मारली. आता विमान गेलंच, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नातीनं टाळी वाजवली. जिंकली होती ती. दोन मुद्दे म्हणजे हार, हे क्लासातलं प्रत्येक माणूस सांगेल. ती खुर्चीवरून उडी मारून खाली उतरली, आजोबांकडे धावायला निघाली, आणि मधेच, दोन रांगांच्या मधे, उभी राहिली.

हळूहळू तिचा चेहरा उतरत गेला. तिनं खुर्च्यांकडे बघितलं. आजोबांकडे बघितलं. मग ती दारापाशी जाऊन खाली बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं बूट घातले. नाडी बांधायला वेळ लागला, पण कुणी मदतीला गेलं नाही. उठली, आजीचा गालगुच्चा घेतला, आणि अगदी क्लासातल्या बाईंच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली की विरोधी बाजूनं कृपया खुर्च्या घडी कराव्यात.

आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरली. बुटातले दिवे खालच्या वळणापर्यंत दिसले. लेक, जावई, बॅगा मागोमाग. होयबा खाली गेले नाहीत. हरणाऱ्यानं निघायचं नसतं.

टॅक्सीचा आवाज विरला तेव्हा बायको आत आली.

"अहो, मुद्दाम हरलात ना? ती जिंकली तर निघेल, हे ठाऊक होतं तुम्हाला."

"हो," होयबा म्हणाले.

"का तिसरा मुद्दा खरंच सुचला नाही?"

"हो," होयबा म्हणाले.

आता यातून कुणी काय समजायचं? होयबांनी एकेक खुर्ची उचलली, घडी केली, भिंतीला लावली. शेवटची खिडकीकडची. ती घडी करून बराच वेळ झाला, तरी ते तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे. बायको जवळ गेली तर डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"बोट चिमटलं," होयबा म्हणाले. "फार जोरात चिमटलं. म्हणून पाणी आलं."

बायकोनं त्यांचा हात हातात घेऊन बोटं उलटसुलट करून नीट बघितली. एकाही बोटाला काही झालेलं नव्हतं.

"हो," बायको म्हणाली.